जबाबदार व्यक्तीचे नाव

ऑफिसात तिला सगळे मजकूरबाई म्हणत. कारखान्यांत, गोदामांत, मोठाल्या स्वयंपाकघरांत उभ्याने राबणाऱ्या माणसांसाठी तिची कंपनी एक अ‍ॅप बनवायची, आणि त्या अ‍ॅपमधला शब्दन्‌शब्द, बटणावरचा, सूचनेतला, अगदी ‘थांबा’ आणि ‘पुढे’सुद्धा, हिच्या हातचा. घरी गेल्यावर आई विचारायची, “आज काय लिहिलंस?” ही म्हणायची, “दोन शब्द.”

“दोन शब्दांना अख्खा दिवस? आणि वर दमून येतेस!”

आईला समजावणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी त्यांचं अ‍ॅप एका लाँड्रीत बसलं. साधीसुधी लाँड्री नव्हे. अकरा हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं धुवायला तिथे यायचं. कामगारांच्या फोनवर पाळ्यांचं वेळापत्रक होतं, रजेचा अर्ज होता, आणि तळाशी एक लाल बटण होतं: ‘घटना नोंदवा’. कुणाला इजा झाली, कपड्यांत काही धारदार सापडलं, तर ते दाबायचं. सात महिन्यांत त्यातून एकही नोंद आली नव्हती. दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर भलंमोठं शून्य झळकायचं आणि लाँड्रीचे मालक खूश होऊन जायचे.

मजकूरबाईला मात्र ते शून्य खुपायला लागलं. तिच्या स्वतःच्या घरच्या धुण्यात दर रविवारी निदान एक पेन तरी निघायचं, आणि अकरा हॉस्पिटलांच्या धुण्यात सात महिन्यांत काहीच नाही? तिने प्रमुखांकडून चार दिवस मागून घेतले. “मी तिथे जाऊन बसते,” ती म्हणाली. “माणसं काय करतात, काय बोलतात, ते बघते.”

“नुसतं बघायला चार दिवस?” प्रमुख म्हणाले. पण जा म्हणाले.

शहराच्या टोकाला, जिथून बस माघारी वळायची, तिथे ती लांबलचक इमारत होती. मधोमध एक भिंत, आणि भिंतीतच बसवलेली धुण्याची अजस्र मशिनं. त्यांचं एक दार भिंतीच्या या बाजूला उघडायचं, एक त्या बाजूला. या बाजूने मळकं आत जायचं, त्या बाजूने धुतलेलं बाहेर पडायचं. कामगार या दोन बाजूंना ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ एवढंच म्हणत. सकाळी अलीकडे गाठोडी उकलायची, कपडे निवडायचे. जेवणाच्या सुट्टीत अंघोळ करायची, अंगावरचे कपडे बदलायचे आणि दुपारी पलीकडे जायचं.

पलीकडे पाऊल टाकलं तेव्हा आपण जागे आहोत की नाही, असं मजकूरबाईला वाटलं. सगळा हॉल वाफेने भरलेला. छताजवळच्या काचांमधून दुधट उजेड खाली उतरत होता आणि वाटेतच विरघळत होता. रोलरमधून गरम चादरी संथपणे बाहेर येत होत्या, एकीच्या मागे एक, कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही. मशिनांचा आवाज इतका एकसुरी की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा झाला, नुसता तळपायांना जाणवत राहिला. वाफेतून एखादं माणूस यायचं, चार पावलं स्पष्ट दिसायचं, आणि पुन्हा पांढऱ्यात मिसळून जायचं. धुतलेल्या सुताचा तो ऊबदार वास नाकात गेला आणि तिच्या पापण्या आपोआप जड झाल्या.

“पहिल्या दिवशी सगळ्यांनाच झोप येते,” शेजारून कुणीतरी म्हणालं. ते मुकादम होते. माणूस चांगला आडदांड, पण आवाज इतका मऊ की कान द्यावा लागे. “तुम्ही वन्संच्या टेबलावर बसा. त्या कुणाला नाही म्हणत नाहीत.”

“कुणाच्या वन्सं?”

“सगळ्यांच्याच,” मुकादम म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी एक बाई आपल्या नवऱ्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन इथे कामाला लागली. ती तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची. ऐकून ऐकून सगळी लाँड्री वन्सं म्हणू लागली; मुकादमही, ट्रकचे ड्रायव्हरही. आणि वन्सं तिला वहिनी म्हणायच्या, म्हणून ती सगळ्यांची वहिनी झाली. वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, नऊ वर्षांपूर्वी वारला. त्याच्यामुळे जुळलेल्या या दोघी एकाच घरात राहत, एकाच बसने येत आणि दुपारभर एकाच चादरीची दोन टोकं धरून उभ्या असत. वहिनी बोलकी, ठसठशीत, हसली की रोलरच्याही वर आवाज जाणारी. वन्सं बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या.

पहिला दिवस पार वाया गेला. मजकूरबाईने अ‍ॅपची चित्रं छापून आणली होती. ती एकेकापुढे ठेवून ती विचारत होती, “हे बटण कशासाठी असेल, काय वाटतं?”

“छान आहे, मॅडम,” वहिनी म्हणाली. “लाल रंग उठून दिसतो.”

“दाबलंय कधी?”

“कशाला दाबू? सगळं ठीक आहे.”

एका ड्रायव्हरला तिने विचारलं, घटना म्हणजे काय? तो म्हणाला, “पेपरात छापून येतं ते.” बाकी सगळ्यांनी सगळं ठीक आहे असंच सांगितलं. संध्याकाळी तिने वही चाळली तर ‘ठीक आहे’ सतरा वेळा लिहिलेलं होतं. तिला माहीत होतं, हातात वही घेतलेल्या माणसाला लोक हेच उत्तर देतात. ती स्वतःही देत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वही पिशवीत कोंबली आणि वन्संना म्हणाली, “मला घड्या घालायला शिकवता?”

वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग वहिनीला म्हणाल्या, “वहिनी, तू जरा रोलरवर जा. हिला मी घेते.”

चादर धरायची ती टोकांना, अंगठा वर ठेवून. एकदा झटकायची, म्हणजे तिच्यात वारा भरतो आणि ती क्षणभर दोघींच्या मध्ये फुगून तरंगते. ती खाली यायच्या आत चालायला लागायचं. दोघी समोरासमोर येतात, हाताला हात लागतात, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून घडीची कड उचलायची, पुन्हा मागे. मजकूरबाईच्या पहिल्या दहा चादरी वाकड्या झाल्या. मग हातांना लय सापडली. जवळ यायचं, लांब जायचं, जवळ यायचं. वाफ हळूहळू फिरत होती. वन्संचा चेहरा पांढऱ्यातून उगवायचा आणि पांढऱ्यात मावळायचा, आणि किती वेळ गेला ते काही कळेना.

बोलणंही त्याच लयीत आपोआप सुरू झालं. हाताला हात लागले की एक वाक्य. उत्तर पुढच्या घडीला.

“तुला पोरंबाळं?” वन्संनी विचारलं. मॅडम कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

“नाहीत. आई आहे.”

“आई बरी आहे?”

“बरी आहे. टोमणे मारते.”

“मग चांगलीच बरी आहे.”

चादर फुगली, खाली बसली. त्यानंतरच्या घडीला मजकूरबाईच्या लक्षात आलं, वन्संच्या डाव्या हाताची तर्जनी चादरीला टेकत नाही. ती जराशी वर उचललेली असते आणि तिच्यावर पातळ चिंधी गुंडाळलेली आहे.

“बोटाला काय झालं?”

“काही नाही. टोचलं.”

दोघी लांब गेल्या, जवळ आल्या.

“काय टोचलं?”

वन्संनी मागे वळून रोलरकडे पाहिलं. वहिनी पाठमोरी होती. “सुई,” त्या म्हणाल्या.

मजकूरबाईच्या हातातलं टोक सुटलं. चादर जमिनीवर घसरली. स्वच्छ बाजूची चादर जमिनीला लागली की ती पुन्हा धुवायला जाते. वन्संनी न बोलता ती उचलून टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली. “धर,” त्या म्हणाल्या. “चालू राहू दे. सगळे बघतील.”

“कधी टोचली?”

“तू यायच्या आदल्या दिवशी. सकाळी दहा वाजले असतील. सुईला रक्त होतं.”

“नोंदवलं का नाहीत?”

पुढच्या घडीला वन्संनी मजकूरबाईचा हात तसाच धरून ठेवला. “मी ते बटण दाबलं होतं,” त्या म्हणाल्या. “घटना वगैरे आपल्याला काही कळत नाही, पण लाल आहे म्हणजे हेच असेल म्हटलं. आत गेले. पहिलीच ओळ आली, जबाबदार व्यक्तीचे नाव. अलीकडे गाठोडं कोण उकलतं? वहिनी. बघून माझ्याकडे कोण टाकतं? वहिनी. त्या दिवशी मशीन रिकामं उभं होतं, मुकादम घाई करत होते, तिने न झटकता माझ्याकडे टाकलं. आता मी काय तिचं नाव लिहू?”

ती ओळ मजकूरबाईचीच होती. कुठल्याशा जुन्या कागदी अर्जावर ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’ असं होतं, तेच तिने उचलून ठेवलं होतं. आणखी सव्वीस ओळी बाकी होत्या, जेवायची वेळ झाली होती. त्या ओळीला तिने पुरती दोन मिनिटंही दिली नसतील.

आणि त्याच अर्जाच्या पोटात, ‘अधिक माहिती’ नावाच्या कोपऱ्यात, एका डॉक्टरांनी दिलेली टीप तिनेच टाकली होती: सुई टोचल्यास संसर्ग टाळणारी औषधे तात्काळ, कमाल बहात्तर तासांच्या आत सुरू करणे आवश्यक. ती टीप तिला शब्दशः आठवली. तिने मनात तास मोजले. त्रेपन्न झाले होते.

“वन्सं, आत्ता उठा,” ती म्हणाली. “आपल्याला हॉस्पिटलमध्ये जायचंय.”

“पाळी संपू दे.”

“नाही. आत्ता.”

वन्संनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. हातातली घडी मात्र त्यांनी पुरी केली.

मुकादमांनी अडवलं नाही. “बोट?” एवढंच विचारलं, आणि मजकूरबाईने मान हलवल्यावर त्यांचा चेहरा पडला. “मला का नाही सांगितलं हो, वन्सं?” ते पुटपुटले. वन्संनी मान खाली घातली.

त्या अकरांपैकीच एक हॉस्पिटल बसने वीस मिनिटांवर होतं. तपासणीच्या खोलीबाहेर एका बाकावर त्यांना बसवलं. अर्धवट उघड्या दारातून समोरचा वॉर्ड दिसत होता: उन्हाच्या पट्ट्यात ओळीने लावलेले पलंग, झोपलेली माणसं, कुणाच्या तरी उशाशी हळूच ढवळला जाणारा पेला. वन्सं ताठ बसल्या होत्या. मग त्या थोड्या पुढे वाकल्या.

“ती बघ,” त्या कुजबुजल्या. “खिडकीपासची रिकामी खाट. तिच्यावरची घडी माझी आहे.”

“कशावरून?”

“कडेची बाजू मी आत वळवते. म्हणजे माणसाच्या हनुवटीला शिवण लागत नाही. दुसरं कुणी नाही वळवत.” त्या बघतच राहिल्या. “बावीस वर्षं झाली. ती पुढे जातात कुठे, ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.”

एक नर्स आली, तिने ती घडी उलगडली, चादर एकदा झटकली. ती हवेत फुगली आणि संथपणे खाटेवर उतरली. वन्संचे ओठ किंचित हलले. मजकूरबाईने फोन काढला आणि स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये शिरून बघितलं, त्या टिपेपर्यंत पोचायला बोट किती वेळा टेकवावं लागतं. पाच वेळा लागलं. पाचव्यांदा ती ओळ आली, बारीक राखाडी अक्षरांत. तिने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या, पण ओरडल्या नाहीत. “पहिल्याच दिवशी आला असतात तर जास्त बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “पण मुदतीत आलात. अठ्ठावीस दिवस गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. मळमळेल, गळून गेल्यासारखं वाटेल. मग दीड महिन्यांनी रक्त तपासू, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर पक्कं काही सांगता येणार नाही.”

“तीन महिने,” वन्सं म्हणाल्या. जणू कुणीतरी त्यांना लांबच्या गावाचं नाव सांगितलं होतं.

बाहेर आल्या तर समोर वहिनी. मुकादमांनीच तिला पाठवलं होतं. कामाचे पांढरे कपडे तसेच अंगावर, डोक्याची टोपीही काढलेली नाही.

“दोन दिवस,” ती म्हणाली. “दोन दिवस माझ्यासमोर उभी राहिलीस, चादर धरलीस, घरी माझ्या पानाला पान लावून जेवलीस, आणि मूग गिळून बसलीस?”

बावीस वर्षांत वहिनी वन्संना पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. वन्संच्या मात्र आलं. त्यांचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं, दोन्ही एकदमच.

“त्यात तुझं नाव मागत होते गं,” त्या म्हणाल्या.

“मग लिहायचं! माझं नाव काय तुझ्या जिवापेक्षा मोठं आहे? न झटकता मीच टाकलं होतं ना?” वहिनीचा आवाज कॉरिडॉरभर गेला. एका पेशंटने मान वर करून पाहिलं. मग ती एकदम खाली बसली, बाकावर, वन्संच्या शेजारी, आणि ते चिंधी बांधलेलं बोट दोन्ही हातांत घेऊन बसून राहिली.

मजकूरबाई समोर उभी होती. सांगायचं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने सांगून टाकलं. “ती ओळ मी लिहिली आहे,” ती म्हणाली. “नाव विचारणारी. अ‍ॅपमधलं सगळं मीच लिहिते.”

वहिनीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. “तू लिहितेस?” ती म्हणाली. “मला वाटलं, ते मशीनच लिहीत असेल. माणूस असं का लिहील?”

त्याहून वाईट काही ती बोलली असती तरी चाललं असतं, असं मजकूरबाईला घरी जाताना वाटत राहिलं.

उरलेले दोन दिवस तिने घड्यांच्या टेबलावर काढले. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, जाड पेन आणलं. कुणाला काय वाटतं, हे तिने विचारलंच नाही. ती विचारायची, “सुई टोचली, तर शेजारणीला तुम्ही काय म्हणाल? अगदी तोंडातून काय निघेल?”

“आई गं,” ड्रायव्हर म्हणाला.

“त्यानंतर?”

“सुई टोचली.”

सगळ्यांच्या तोंडून तेच निघालं. तिने पुठ्ठ्यावर लिहिलं: सुई टोचली. ‘घटना नोंदवा’चा पुठ्ठा वहिनीने उचलून बाजूला ठेवला. मग ‘तात्काळ’वर गाडी आली. “तात्काळ कोण बोलतं?” वहिनी म्हणाली. “आमचे हे कधी तात्काळ म्हणाले असते, तर मी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आजच लिही. आजच डॉक्टरकडे जा.” टेबलाभोवती हशा पिकला. वन्सं स्टुलावर बसून होत्या. गोळ्यांनी त्यांचा चेहरा पांढुरका झाला होता, पण घरी बसायला त्या तयार नव्हत्या.

“त्याच्याही आधी हात धुवायचं सांग,” त्या म्हणाल्या. “मी धुतले नव्हते. नुसतं बोट तोंडात घातलं. लहानपणापासूनची सवय.”

मजकूरबाईने लिहिलं: आधी साबणाने हात धुवा. बोट तोंडात घालू नका.

नावाची ओळ काढून तिथे काय ठेवायचं, हे मुकादमांनी सुचवलं. इतका वेळ ते लांब उभे राहून ऐकत होते. “कुणी टाकलं, हे कशाला विचारायचं?” ते आपल्या मऊ आवाजात म्हणाले. “गाठोडं कुठल्या हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डातून आलं, ते विचारा. त्याची चिठ्ठी पिशवीला असतेच. सुई आमच्याकडे उगवत नाही, बाई. ती येते.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि घाई मी केली होती. तेही असू दे.”

त्या दुपारी वाफेत जरा डोळा लागला तेव्हा मजकूरबाईला दिसलं, ती एका न संपणाऱ्या चादरीवरून चालते आहे आणि तिने आजवर लिहिलेले सगळे शब्द पायांखाली बारीक राखाडी अक्षरांत पसरले आहेत. ती वाकून एकेक उचलायला बघते, पण ते ओले आहेत, हाताला लागतात आणि पुसले जातात. घाबरून जाग आली तर वहिनी तिच्या अंगावर गरम टॉवेल टाकत होती. “झोप,” वहिनी म्हणाली. “वाफ बाधते नव्या माणसाला.”

ऑफिसातली बैठक मात्र सोपी गेली नाही. नावाच्या जागी तिने ‘तुमची चूक नाही’ अशी ओळ घातली होती, ती कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच फटक्याला उडवली. चूक कुणाची हे ठरवायचं काम अ‍ॅपचं नाही, म्हणाले. प्रमुख पेन टेबलावर आपटत बसले होते.

“हे बटण असं सोपं केलंस, तर लोक दाबतील,” ते शेवटी म्हणाले. “शून्याचे दहा होतील. मालकांना काय सांगायचं?”

“दहा आहेतच, सर,” ती म्हणाली. “एक मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तिचे हात माझ्या हातांत होते. बाकीचे कुठे चिंधी बांधून बसलेत, तेवढंच आपल्याला माहीत नाही.”

ती ओळ कुठून आली, कुणी लिहिली, जेवायच्या घाईत कशी राहून गेली, तेही तिने सांगितलं. प्रमुखांचं पेन थांबलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “त्या बाई आता कशा आहेत?”

“तीन महिन्यांनी कळेल.”

बरीच घासाघीस होऊन एक वाक्य ठरलं: ‘इथे कुणाचंही नाव विचारलं जाणार नाही.’ वन्संना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चूक नाही म्हटलं असतं, तर कुणी विश्वास ठेवला नसता. हे बरं आहे.”

नवं बटण लागलं त्या पहिल्या महिन्यात ते चौदा वेळा दाबलं गेलं. बैठकीत चौदा हा आकडा पडद्यावर आला तेव्हा मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण त्या चौदांतली नऊ गाठोडी एकाच हॉस्पिटलच्या एकाच वॉर्डातून आली होती. त्या वॉर्डात सुया टाकायचा डबा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होता, आणि हात भरलेल्या नर्सा सुई घटकाभर खाटेवर ठेवत. डबा खाटेजवळ आला. पुढच्या महिन्यात आकडा पाचावर उतरला, आणि ते पाचही जण त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलेले होते. मालकांच्या आठ्या काही पूर्ण गेल्या नाहीत, पण त्यांनी जुनं बटण परत मागितलं नाही.

गोळ्यांचे अठ्ठावीस दिवस वन्संना जड गेले. त्यांना अन्नाचा वास सहन होईना. वहिनी घड्याळ लावून गोळी द्यायची आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. आता ती सर्रास अगं-तुगं करत होती आणि अहोजाहोवर परत जायची तिची काही चिन्हं नव्हती. मजकूरबाई दर आठवड्याला एक दुपार लाँड्रीत जायची. कामाचं निमित्त असे, कधी नसेही. पलीकडच्या त्या दुधट उजेडात ती वन्संसमोर चादरीची दुसरी टोकं धरायची, म्हणजे वन्संना चालावं लागायचं नाही; त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या आणि मजकूरबाईच जायची-यायची. दीड महिन्याची तपासणी स्वच्छ निघाली. तरीही कुणी मोठ्याने हसलं नाही. तीन महिने व्हायचे होते.

शेवटच्या तपासणीचा निकाल घ्यायला तिघी गेल्या. सकाळचे अकरा वाजले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मान वर केली आणि सांगितलं, “काही नाही. अगदी स्वच्छ. आता यायचं नाही इकडे.”

वहिनीच्या जिवात जीव आला तो तिच्या खांद्यांतून दिसला. ते एकदम खाली आले. तिने डॉक्टरीणबाईंचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. वन्सं मात्र “बरं” म्हणाल्या, कागदाची नीट चौकोनी घडी घातली आणि उठल्या.

हॉस्पिटलसमोर रस्त्यापलीकडे एक लहानशी बाग होती. बसला वेळ होता, म्हणून तिघी तिथल्या बाकावर टेकल्या. ऊन कोवळं होतं. कुणी पाइपने गवतावर पाणी मारत होतं आणि त्याचा आवाज लांबून, झोपेतून आल्यासारखा येत होता. वन्संनी पाय पुढे पसरले, पाठ टेकली, आणि बघता बघता त्यांची मान वहिनीच्या खांद्यावर कलली. तीन महिन्यांत त्या धड झोपल्या नव्हत्या, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बस आली. वहिनीने हातानेच मजकूरबाईला खूण केली: जाऊ दे. बस गेली. ऊन झाडाच्या फांद्यांमधून सरकत वन्संच्या डोळ्यांवर आलं, तशी वहिनी खांदा न हलवता कमरेतून किंचित वळली आणि तिची सावली त्या चेहऱ्यावर पडली. थोड्या वेळाने ऊन पुन्हा सरकलं, ती पुन्हा वळली. मजकूरबाईच्या पिशवीत फोन एकदा थरथरला. तिने तो काढला नाही. दुसरी बस येऊन गेली, मग तिसरी.